मात्रांचा हिशेब

या भाषणाचे निमंत्रण आले तेव्हा मला कवितेवर बोलायला सांगितले होते. मराठी गझल, तिची वृत्ते, मात्रा वगैरे. मी विनंती केली की मात्रांवरच बोलतो, पण वेगळ्या. आपल्या भाषेत मात्रा हा शब्द दोन ठिकाणी राबतो. कवी ओळीच्या मात्रा मोजतो आणि वैद्य औषधाची मात्रा ठरवतो. माझ्या आयुष्यातली पंचवीस-तीस वर्षे पहिल्या मात्रेत गेली. 2013 च्या जुलैपासून दुसरीही मागे लागली. ही हकिगत माझ्या मुलीची असल्यामुळे बोलण्याआधी मी तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, “बोला, पण माझं नाव घेऊ नका.” म्हणून आज तिला नुसतेच मुलगी म्हणणार आहे.

ती तेव्हा सात वर्षांची, दुसरीत होती. पावसाळ्याचे दिवस असूनही तिला सारखी तहान लागायची. रात्री उठून तांब्याभर पाणी प्यायची आणि पहाटे अंथरूण ओले. चौथ्या वर्षी सुटलेली सवय सातव्या वर्षी कशी परत आली म्हणून मी तिला एकदा रागावलोही. ती वाळत चालली होती. माझी आई म्हणाली, पोरीला नजर लागली. जवळच्या डॉक्टरांनी जंताचे औषध दिले. दहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि श्वास असा चालू लागला की जणू धावत आली आहे. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. मोठ्या दवाखान्यात नेले, बोटातून रक्ताचा थेंब घेतला, तर साखर 486. पाच दिवस ती अतिदक्षता विभागात होती. सहाव्या दिवशी परिचारिकेने एक संत्रे आणि एक सिरिंज माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “यावर सराव करा. उद्यापासून तुम्हालाच द्यायचंय.”

घरी आल्यावर जो येईल तो विचारी, “एवढ्या लहान वयात साखर? चॉकलेटं फार खायची का?” हा प्रश्न माझ्या पत्नीला वर्षभर ऐकावा लागला. म्हणून स्पष्ट सांगतो. मोठ्या माणसांना होणारा मधुमेह आणि मुलांचा हा टाइप वन मधुमेह यांचे आडनाव एक, घराणे वेगळे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी फौज असते, ती या मुलांमध्ये चुकून आपल्याच स्वादुपिंडावर चालून जाते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, आईच्या लाडाने होत नाही, नजरेनेही होत नाही. कारले, मेथी, जांभळाच्या बिया यांनी त्या पेशी परत येत नाहीत. इन्शुलिन बाहेरून द्यावे लागते, रोज, जन्मभर. कुणाच्या सांगण्यावरून ते बंद केले तर मूल काही दिवसांतच गंभीर होते. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश बोलतो आहे, कारण बंद करा असे सांगणारे आम्हाला तीन जण भेटले.

आता ताटाकडे वळू. आपल्या शरीरात जेवणाबरोबर जेवढे लागेल तेवढे इन्शुलिन आपोआप सुटते. दोन घास जास्त खाल्ले तर थोडे जास्त. हा हिशेब स्वादुपिंड न बोलता करत असते. ते थांबले की हिशेब आई-बापाला करावा लागतो, आणि तोही घास तोंडात जाण्याआधी. मुलाच्या ताटात कर्बोदके किती ग्रॅम आहेत ते मोजायचे आणि त्या प्रमाणात युनिटे द्यायची. ग्लुकोज होऊन रक्तात उतरतात ती मुख्यतः कर्बोदके. धान्य, कडधान्य, बटाटा, फळे, दूध, साखर यांत ती असतात; अंडी, मटण, मासळी, तेल यांत जवळजवळ नसतात.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. गणिताची आणि माझी फारकत दहावीतच झाली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर उदाहरण मांडून दिले ते असे. दिवसभरात मुलीला एकूण जितकी युनिटे लागतात, त्या आकड्याने 500 ला भागायचे. दहाव्या वर्षी तिला 33 युनिटे लागत. म्हणजे एक युनिट साधारण 15 ग्रॅम कर्बोदके जिरवते. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, तिचे 35 ग्रॅम. वाटीभर पातळ आमटीचे 10. अर्धी वाटी भाताचे 15. झाले साठ, म्हणजे चार युनिटे. जेवणाआधी साखर 175 असेल आणि हवी असेल 120 च्या आसपास, तर ती खाली आणायला आणखी एक. एकूण पाच. इंजेक्शन द्यायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मग ताट वाढायचे. हे आकडे आमच्या मुलीचे, त्या वयातले आहेत. तुमच्या मुलाचे प्रमाण तुमचे डॉक्टरच ठरवतील आणि ते वयाबरोबर बदलत राहील.

कागदावर हे सोपे दिसते. पण आम्ही सोलापूरचे. इथली भाकरी काही साच्यातून पडत नाही, ती हाताने थापली जाते. माझ्या आईची भाकरी पत्नीच्या भाकरीच्या दीडपट. पत्नीने दोनशे ग्रॅमपर्यंतचा लहान वजनकाटा आणला आणि आठवडाभर प्रत्येक उंडा करण्याआधी पीठ तोलले. नंतर हाताला अंदाज बसला. चपातीचा वेगळा, भाताचा वेगळा. वाटी एकच ठरवली, स्टीलची, कडेला चरा असलेली; पाहुण्यांच्या गर्दीत ती सापडली नाही की जेवण अडायचे. पोह्यांना तेवढ्याच वाटीत कमी आणि साबुदाण्याला कितीतरी जास्त हे पाठ झाले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. मला एकदा गंमत सुचली. छंदशास्त्राने पाहिले तर ‘भाकरी’ पाच मात्रांची आणि ‘चपाती’ही पाच मात्रांची, ओळीत कुठलीही बसवा. ताटात मात्र एक 35 ग्रॅमची आणि दुसरी 15 ची. मी हे पत्नीला सांगितले. तिने पिठाचे हात न पुसता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आधी सिरिंज भरा.”

सगळ्यात अवघड गोष्ट कुठली, असे विचाराल तर मी इंजेक्शन म्हणणार नाही. मूल सुईला सरावते, आपण उशिरा सरावतो. अवघड आहे ते उरलेले अन्न. पाच युनिटे देऊन झाली आणि पोरीने अर्धी भाकरी खाऊन ताट सारले, तर? दिलेले इन्शुलिन परत काढता येत नाही. मग सुरू होते आर्जव, मग दटावणी, मग रडणे. मी तिच्या तोंडात घास कोंबला आहे, श्रोतेहो. ज्या घरात दस्तरखानवर बसल्यावर बिस्मिल्लाह म्हणून हसत जेवायचे, तिथे ती ताट बघूनच आक्रसू लागली. पुढे डॉक्टरांनी सांगितले, ज्या दिवशी भरवसा नसेल त्या दिवशी थोडे आधी द्या आणि उरलेले जेवण झाल्यावर, जेवढे खाल्ले तेवढ्याचे. दोनदा टोचावे लागे, पण घास कोंबणे थांबले. हा सल्ला आम्ही दोन वर्षे आधी मागायला हवा होता. आम्हाला वाटायचे, विचारले तर आपण नीट करत नाही असे दिसेल.

याहून मोठी चूक पुढेच आहे. आमच्याकडे एक वही होती. दिवसातून चार वेळा साखर तपासायची आणि वहीत लिहायची. पहिली तीन वर्षे मी लिहिली. मुलगी दहा वर्षांची झाल्यावर म्हणाली, “मी लिहिते.” अक्षर सुंदर, लाल-निळ्या पेनांनी रकाने आखलेले. 118, 126, 132, 121. मी वही बघायचो आणि खूश व्हायचो. 2016 च्या दिवाळीच्या सुट्टीत तपासणीला गेलो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची एक चाचणी असते, तिचा आकडा आला 10.2. त्या वहीप्रमाणे तो सहाच्या आसपास यायला हवा होता. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी आमचे यंत्र मागितले आणि त्याची आठवण उघडली. मला तोवर माहीतच नव्हते की त्या यंत्राला आठवण असते. 287. 312. 264. 341. वहीत त्याच तारखांना, त्याच वेळांना 120 आणि 130.

मुलगी खाली मान घालून बसली होती. डॉक्टरांनी तिला बाहेर माशांची पेटी बघायला पाठवले आणि आम्हाला विचारले, “यंत्रावर आकडा आला की तुम्ही काय म्हणता?” मी म्हणालो, काही नाही. पत्नी म्हणाली, “चांगला आला तर हे शाब्बास म्हणतात. जास्त आला तर विचारतात, काय खाल्लंस?”

काय खाल्लंस. दोन शब्द. दिवसातून चार वेळा, तीन वर्षे. माझा आवाजही चढत नसे. पण पोलीसही पहिला प्रश्न शांतपणेच विचारतो.

मग डॉक्टरांनी मुलीला आत बोलावले आणि तिच्या मांड्या तपासल्या. उजव्या मांडीवर कातडीखाली लिंबाएवढी मऊ गाठ होती. तिथे टोचले तर दुखत नाही म्हणून ती रोज तिथेच टोचून घेत होती आणि आम्ही तिथेच टोचत होतो. एकाच जागी इन्शुलिन देत राहिले की चरबीची अशी गाठ होते आणि तिच्यात दिलेले औषध नीट शोषले जात नाही. म्हणजे पोर बहुतेक दिवस ठरलेलेच जेवत होती, औषधच लागू पडत नव्हते, आणि बाप विचारत होता काय खाल्लंस. तिने चोरून काहीच खाल्ले नव्हते असे नाही. शाळेबाहेरची शेंगदाण्याची चिक्की आठवड्यातून एक-दोनदा, मैत्रिणींबरोबर. ते तिनेच सांगितले.

परत येताना रिक्षात मी तिला विचारले, खोटे का लिहिलेस? तिने बाहेर बघत सांगितले, “चांगला आकडा असला की तुम्ही नीट जेवता.”

मी त्या रात्री जेवलो नाही, आणि हेही चुकलेच, कारण तिने ते पाहिले.

त्यानंतर घरात काही शब्द आम्ही बंद केले. साखर चांगली नाही आणि वाईटही नाही. ती जास्त असते किंवा कमी असते. जास्त असेल तर किती युनिटे द्यायची एवढेच बोलायचे आणि जेवायला बसायचे. कारण शोधायचे ते दस्तरखान उचलल्यावर, आणि शोधताना आधी आपल्या चुका. मोजायला चुकलो का? टोचण्याची जागा बदलली का? इन्शुलिन उन्हात राहिले का? ताप, परीक्षा, वाढीचे वय, यांपैकी कशानेही साखर चढते. चिक्कीचे आम्ही असे केले की तिने घरी सांगून खावी, वडीमागे ग्रॅम धरून युनिट वाढवावे. पुढच्या वेळी सरासरी 8.9 आली, त्यानंतर 8.3. चमत्कार झाला नाही, पण वही खरी झाली. आत कुठे 300 असायचे, तेही लाल पेनाने नव्हे, साध्या पेनाने.

अन्न मोजण्याचा इतिहास मी नंतर वाचला आणि बराच वेळ सुन्न होतो. इन्शुलिनचा शोध टोरांटोत 1921 साली लागला. बॅंटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप ही त्यातली माणसे. 1922 च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. त्याआधी या मुलांना वाचवण्याचा एकच उपाय होता, उपासमार. तेव्हाही आया तराजू घेऊन बसत, पण घास कमी करण्यासाठी. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज 1922 च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला आली तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती आणि वजन वीस किलोच्या आसपास. सुई सुरू झाली आणि तिला पुन्हा पाव मिळाला. ती 1981 पर्यंत जगली, संसार केला, मुले वाढवली. आमची वाटी आणि त्या काळातला तराजू यांत हा फरक आहे. आम्ही मोजतो ते तिला देता यावे म्हणून. पण माझ्या ‘काय खाल्लंस’ने मी तो जुना तराजू घरात आणून ठेवला होता.

त्या एलिझाबेथने आपला आजार जन्मभर बहुतेकांपासून लपवून ठेवला. हे वाचून मला आमचे नातेवाईक आठवले. “मुलीची जात आहे, बाहेर बोलू नका, उद्या स्थळं यायची नाहीत.” सांगणारे परके नव्हते. लग्नकार्यात दोन तऱ्हेची माणसे भेटत. एक म्हणायची, “एका घासानं काय होतं, खाऊ द्या पोरीला.” दुसरी भरपंगतीत ओरडायची, “अगं, तिला नको वाढू, तिला साखर आहे!” पत्नी दोन्हींकडे दुर्लक्ष करून बिर्याणीच्या ताटातला भात आपल्या वाटीने मोजायची. ती चरा असलेली वाटी तिच्या पर्समध्ये असते.

अकराव्या वर्षी मुलीने रोजा धरायचा हट्ट धरला. तिच्या वयाच्या चुलत बहिणीची रोजाकुशाई झाली होती, नवे कपडे, हार, फोटो. डॉक्टरांनी नको सांगितले. दिवसभर पोटात काही नसताना साखर कधी घसरेल सांगता येत नाही, आणि संध्याकाळी खजूर-भजी एकदम पोटात गेली की चढते. माझी आई नाराज होती. मशिदीतल्या मौलानांनीच तिला समजावले की आजाऱ्याला सवलत कुराणातच दिलेली आहे, ती नाकारण्यात पुण्य नाही. सवलतीबद्दल गरिबाला जेवण द्यायचे असते. मुलीने सांगितले, “ते मी वाढणार.” त्या रमजानमध्ये आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना ती रोज संध्याकाळी डबा नेऊन देई. ईदला शिरखुर्मा मात्र तिने खाल्ला. दूध, शेवया, साखर, खारीक सगळे तोलून पत्नीने पातेल्याचा हिशेब लावला आणि वाटीमागे किती युनिटे ते फ्रिजवर चिकटवले.

काही कामाच्या गोष्टी सांगतो. आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींत मिळते, एका मिलीलिटरमध्ये 40 युनिटे आणि 100 युनिटे. सिरिंजही दोन, 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी. शंभरचे इन्शुलिन चाळीसच्या सिरिंजने घेतले तर मात्रा अडीचपट जाते. दुकानदाराने दिले म्हणून घेऊ नका, बाटली आणि सिरिंज एकमेकींशी ताडून पाहा. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. वीज गेली की आम्ही बाटली पिशवीत बांधून लहान मडक्यात ठेवतो आणि ते मडके ओल्या वाळूत. बर्फात कधीच ठेवायची नाही, गोठलेले इन्शुलिन वाया जाते. साखर 70 च्या खाली गेली, घाम, थरथर, चिडचिड सुरू झाली, तर पाण्यात तीन चमचे साखर. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

शाळेत हे सगळे समजावणे वेगळाच व्याप होता. 2017 मध्ये सीबीएसईने मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची मुभा दिली. आमची मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत, पण मी ते वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाले, “साखरेची पुडी ठेवायला कात्रण कशाला हवं?” अशीही माणसे असतात.

आता ती पुण्यात वसतिगृहात राहून शिकते. दंडावर रुपयाएवढा सेन्सर लावते, महागडा आहे, म्हणून प्रत्येक महिन्याला परवडत नाही. तो असतो तेव्हा तिची साखर तिच्या फोनवर दिसते. माझ्याही फोनवर दिसेल अशी सोय आहे. पहिल्या महिन्यात मी रात्री दोन-दोन वाजता उठून बघायचो आणि तिला उठवायचो. तिने एके दिवशी शांतपणे सांगितले, “अब्बा, रात्रीचं लो झालं तर धोक्याचा गजर तुमच्याकडे वाजेल, एवढंच ठेवते. बाकीचं बंद करते.” माझ्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखे वाटले. पत्नी म्हणाली, तिचेच होते, तिने घेतले.

मेसची पोळी किती ग्रॅमची, हे तिने पहिल्या आठवड्यात स्वयंपाकवाल्या मावशींकडून कणकेचा गोळा मागून तोलून घेतले. त्या मावशी आता तिच्यासाठी तेवढाच गोळा तोडतात म्हणे. रोज रात्री नऊच्या सुमारास तिचा फोन येतो. अजूनही माझ्या जिभेवर आधी तोच प्रश्न येतो. मी तो गिळतो आणि विचारतो, आज भाजी कुठली होती? ती म्हणते, “वांगं. अम्मीसारखं नव्हतं.” मग फोन पत्नीकडे जातो आणि त्या दोघी वांग्याबद्दल बराच वेळ बोलत राहतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)